बाष्पदाबाचं रीडिंग रोज वेगळं येतंय? आधी तो दाब कोणाचा आहे ते शोधा

सोमवारी ५.१, मंगळवारी ४.६, बुधवारी ६.३. आकडे किलोपास्कलमध्ये. बाटली तीच, बाथ तोच, तापमान २५° से. आणि पदार्थ टोल्युइन हे द्रावक, ज्याचा २५° चा बाष्पदाब ३.७९ किलोपास्कल आहे हे कुठल्याही हँडबुकात सापडतं. आमच्या प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेली मुलगी तीन दिवसांची वही घेऊन समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, गेज गेलंय. कॅलिब्रेशनला पाठवू या का?"

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की एकदा सविस्तर लिहून काढायचं ठरवलं. बाष्पदाब, म्हणजे आपण रोज ज्याला व्हेपर प्रेशर म्हणतो तो, बंद जागेत द्रवाशी समतोलात असलेल्या त्याच्याच वाफेचा दाब. तो स्टॅटिक पद्धतीने, म्हणजे सेल नावाच्या बंद भांड्यात द्रव ठेवून थेट गेजवर मोजताना ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. आकडा जास्त येतो, रोज वेगळा येतो, किंवा सेलमध्ये बसल्या बसल्या चढत राहतो. दहातल्या आठ वेळा गेजचा काही दोष नसतो. सेलमध्ये जे काही वायुरूपात आहे त्या सगळ्यांचा मिळून दाब गेज दाखवतं. टोल्युइनची वाफ, विरघळलेली हवा, काचेला चिकटलेली ओल, ग्रीसमधून निघणारी वाफ, जॉइंटमधून शिरणारी बाहेरची हवा, सगळी एकत्र. त्यातला किती दाब आपल्या पदार्थाचा, हे गेजला कळायचं काही साधन नाही. ते आपल्यालाच वेगळं काढावं लागतं.

आणि ते काढणं महत्त्वाचं आहे, कारण या आकड्यावर पुढे बरंच काही बांधलं जातं. बंद ड्रममध्ये द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेत वाफ किती साठेल, याचा हिशोब सरळ आहे: बाष्पदाब भागिले हवेचा दाब. टोल्युइनचा २०° चा बाष्पदाब २.९१ किलोपास्कल. १०१.३ ने भागा, २.९ टक्के येतात. टोल्युइनच्या वाफेची हवेतली स्फोटक मर्यादा साधारण १.१ ते ७.१ टक्के. म्हणजे खोलीच्या तापमानाला अर्धवट भरलेल्या टोल्युइनच्या ड्रममध्ये नेमकं पेट घेईल असं मिश्रण असतं. हेक्झेनचं बघा: २०° ला सुमारे १६ किलोपास्कल, म्हणजे १६ टक्के, वरची मर्यादा ७.५ च्या आसपास. तिथे बंद ड्रमच्या आतलं मिश्रण जळायला जास्तच दाट, पण झाकण उघडून वाफ बाहेर पातळ होत गेली की धोका सुरू. दोन्ही ड्रम गोडाऊनमध्ये शेजारी शेजारी असतात, दोघांवर ज्वालेचं तेच चिन्ह असतं, आणि हाताळणीतला फरक बाष्पदाबाच्या आकड्यातून कळतो.

श्वासातल्या धोक्याचा हिशोबही तिथूनच निघतो. २.९ टक्के म्हणजे जवळपास २९,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत टोल्युइनसाठी आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम होती. संपृक्त वाफ त्या मर्यादेच्या २९० पट जवळ जाते. आकडा ५.१ लिहिला असता तर हे गुणोत्तर उगाच फुगलं असतं. उलट दिशेने चूक झाली असती तर एखाद्या माणसाला कमी ताकदीचा मास्क मिळाला असता.

आता मूळ तक्रारीकडे.

पहिला संशयित: विरघळलेली हवा

बाटलीतला प्रत्येक द्रव हवेशी संपृक्त असतो. १० मिली टोल्युइनमध्ये खोलीच्या तापमानाला आणि दाबाला सुमारे दीड मिली हवा विरघळलेली असते. वाचायला किरकोळ वाटतं. पण ते १० मिली टोल्युइन सेलमध्ये टाकलं, वर १० मिली मोकळी जागा ठेवली आणि ती जागा एकदा निर्वात केली, की द्रवातली हवा बाहेर पडू लागते. समतोल होईपर्यंत बहुतेक हवा बाहेर येते आणि त्या १० मिली जागेत एकट्या हवेचा दाब १३ किलोपास्कलच्या घरात जातो. टोल्युइनचे स्वतःचे ३.८. म्हणजे हवेचा आवाज पदार्थाच्या तिप्पट मोठा.

सोमवार, मंगळवार, बुधवारचे आकडे का बदलले ते इथे उलगडतं. मुलीने दर वेळी सॅम्पल भरल्यावर "थोडा वेळ" पंप लावला होता. तो थोडा वेळ एक दिवस अर्धा मिनिट, एक दिवस दोन मिनिटं. किती हवा शिल्लक राहिली त्यावर आकडा ठरत होता.

तपासण्याची रीत अशी. सेलचं तापमान स्थिर ठेवा. मोकळी जागा पाच सेकंद पंपाला जोडा, झडप बंद करा, दहा मिनिटं समतोल होऊ द्या, रीडिंग लिहा. पुन्हा पाच सेकंद, पुन्हा दहा मिनिटं. आमच्याकडे त्या दिवशी ओळीने आलेले आकडे असे होते: ७.२, ५.०, ४.२, ३.९२, ३.८२, ३.८०, ३.८०. हवा असेल तर आकडा दर वेळी खाली येतो, आधी मोठ्या उड्या मारत, मग लहान, आणि शेवटी एका जागी थांबतो. वाफ काढून टाकली तरी द्रवातून तेवढीच पुन्हा वर येते. काढलेली हवा मात्र परत येत नाही. शेवटचे दोन आकडे जुळले तेव्हा त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून माझाही दिवस चांगला गेला.

पंप लावताना द्रव एकदम उसळतो आणि थेंब नळीत जातात. म्हणून पंपाची झडप हळू उघडा आणि आधी सॅम्पल थंड करून घ्या. वाफ कमी, हवा तेवढीच, त्यामुळे पदार्थ वाया न जाता हवा निघते.

याहून पक्की पद्धत म्हणजे गोठवा, पंप करा, वितळवा, आणि हे चक्र तीन-चार वेळा. यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. टोल्युइन −९५° ला गोठतं. शुष्क बर्फ आणि अॅसिटोनच्या मिश्रणात जेमतेम −७८° मिळतात. तिथे टोल्युइन फक्त थंड होतं, गोठत नाही, आणि आपण गोठलंय असं समजून जोरात पंप लावतो. टोल्युइनला द्रव नायट्रोजनच लागतो. पण द्रव नायट्रोजन −१९६° ला असतो आणि ऑक्सिजन −१८३° लाच द्रव होतो. नळी हवेला उघडी असताना द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली, तर आत द्रव ऑक्सिजन जमतो. सेंद्रिय द्रावकाशेजारी द्रव ऑक्सिजन म्हणजे स्फोटाला आमंत्रण. आधी झडप बंद, मग बुडवायचं. क्रम उलटा कधीही नाही. आणि वितळवताना नळी वरून खाली कोमट होऊ द्या. तळाला गरम पाणी लावलं तर आतला गोळा फुगतो आणि काच तडकते.

आयसोटेनिस्कोप वापरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. १९१० पासून चालत आलेलं हे साधं काचेचं उपकरण मला आजही आवडतं, कारण त्यात काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. एक बल्ब, त्याला जोडलेली यू-नळी, आणि यू-नळीत तोच द्रव. बल्बमधली वाफ एका बाजूने ढकलते, बाहेरून नायट्रोजन दुसऱ्या बाजूने. दोन्ही पातळ्या सारख्या झाल्या की बाहेरचा दाब वाचायचा. इथे हवा घालवायला कमी दाबावर द्रव हलका उकळतात. पण चूक होते ती नंतर. बाहेरचा नायट्रोजन एकदम जास्त सोडला जातो, यू-नळीतून एक बुडबुडा उलटा बल्बमध्ये शिरतो, आणि करणारा म्हणतो, "एकच तर होता." तो एक बुडबुडा पुढचं प्रत्येक रीडिंग चढं करतो. आत गेला की पुन्हा पहिल्यापासून उकळून हवा काढा, दुसरा इलाज नाही. नायट्रोजनची सुईझडप बारीक ठेवा आणि पातळ्या जवळ आल्या की हात मागे घ्या.

हवा काढूनही आकडा खाली येत नसेल तर

आकडा एका जागी थांबला, पण हँडबुकातल्या आकड्यापेक्षा चढाच थांबला, तर सॅम्पलमध्ये दुसरं काहीतरी आहे जे जास्त उडतं. आपल्याकडे हे काहीतरी बहुतेक वेळा पाणी असतं. कोकणातल्या आमच्या औद्योगिक वसाहतीत जुलैमध्ये बाटलीचं झाकण उघडं ठेवून पिपेट शोधायला गेलात, तरी ओल शोषणाऱ्या पदार्थाचं गणित बदलतं.

एथिलीन ग्लायकॉलचं उदाहरण मी प्रत्येक नव्या माणसाला कागदावर करून दाखवते. ग्लायकॉलचा २०° चा बाष्पदाब ७-८ पास्कल. किलोपास्कल नव्हे, पास्कल. पाण्याचा २०° चा २,३३९ पास्कल. १०० ग्रॅम ग्लायकॉलमध्ये ०.१ ग्रॅम पाणी असेल तर रेणूंच्या संख्येत त्याचा वाटा येतो ०.००३४. त्याला २,३३९ ने गुणा. ८ पास्कल. म्हणजे वजनाने ०.१ टक्का पाण्याचा दाब आख्ख्या ग्लायकॉलच्या दाबाएवढा. रीडिंग सरळ दुप्पट. १० मिली सॅम्पलमध्ये हे पाणी ११ मिलिग्रॅम भरतं, ड्रॉपरच्या एका थेंबाचा जेमतेम पाचवा हिस्सा.

आणि या दुपटीचे परिणाम कागदावर राहत नाहीत. युरोपातल्या औद्योगिक उत्सर्जनाच्या नियमांत २०° से. ला १० पास्कल किंवा त्याहून जास्त बाष्पदाब असलेलं सेंद्रिय संयुग बाष्पनशील गणलं जातं. शुद्ध ग्लायकॉल या रेषेच्या खाली, ओलं ग्लायकॉल वर. माल युरोपात पाठवणाऱ्याला एका थेंबाच्या पाचव्या हिश्शामुळे वेगळाच कागद भरावा लागू शकतो.

म्हणून कमी बाष्पदाबाच्या कुठल्याही द्रवाचं आधी कार्ल फिशर, म्हणजे त्यातलं पाणी मोजायची चाचणी, करा, मग बाष्पदाबाला हात लावा. पाणी निघालं तर ३ अँगस्ट्रॉमची आण्विक चाळणी (बारीक छिद्रांत पाणी शोषून घेणारे दाणे) टाका, पण ती नीट भाजलेली असू द्या. बरणीत वर्षभर पडलेली चाळणी आधीच पाणी पिऊन बसलेली असते. सेलची काच, नळ्या, झडपासुद्धा रिकाम्या असताना गरम करून पंप लावा. काचेच्या पृष्ठभागावर चिकटलेली ओल तासन्‌तास सुटत राहते.

अशुद्धी आहे की नाही हे ओळखायला आणखी एक युक्ती आहे आणि ती फार कमी जण वापरतात. सेल एकदा एक चतुर्थांश भरून मोजा, एकदा तीन चतुर्थांश भरून. शुद्ध पदार्थाचा बाष्पदाब द्रव किती आणि जागा किती यावर अजिबात अवलंबून नसतो. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर सॅम्पल मिश्रण आहे किंवा हवा उरली आहे, तिसरं काही नाही.

इथे एका गोष्टीवर माझं ठाम मत आहे. सॅम्पलमधली अशुद्धी काढून टाकली म्हणजे काम संपलं, असं सुरक्षेच्या बाबतीत मानू नका. नोंदणीच्या कागदपत्रांना शुद्ध पदार्थाचा आकडा लागतो, ते बरोबरच आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची बाष्पदाब मोजण्याची १०४ क्रमांकाची मार्गदर्शिका त्यासाठीच आहे. पण गोडाऊनमध्ये ड्रम उघडणाऱ्याच्या नाकासमोर शुद्ध पदार्थ नसतो, ड्रममधला माल असतो. समजा एक जड एस्टर आहे, रेणुभार २५०, स्वतःचा बाष्पदाब नगण्य. त्यात प्रक्रियेतलं १ टक्का मेथॅनॉल उरलंय. रेणूंच्या संख्येत ते ७ टक्क्यांच्या वर भरतं. मेथॅनॉलचा २०° चा बाष्पदाब सुमारे १३ किलोपास्कल, त्याचे ७.३ टक्के म्हणजे ९५० पास्कल. बंद ड्रममध्ये ९,००० पीपीएमहून जास्त मेथॅनॉल, आणि मेथॅनॉलची आठ तासांची मर्यादा २०० पीपीएम. हा तर आदर्श द्रावण धरून केलेला हिशोब. तेलकट एस्टरमध्ये मेथॅनॉल याहून जास्त उडतं. तुम्ही पंप लावून लावून ते मेथॅनॉल काढून टाकलं आणि "बाष्पदाब नगण्य" असं लिहून दिलं, तर आकडा शुद्ध एस्टरसाठी खरा आणि ड्रमसाठी धोकादायक. आम्ही दोन्ही मोजतो आणि दोन ओळींत दोन्ही लिहितो: शुद्ध केलेला आणि जसा आला तसा. जसा आला तसा मोजताना पंप कमीत कमी, सॅम्पल थंड ठेवून, आणि आधी-नंतर वजन.

आकडा चढतच राहतो

ही तक्रार वेगळी. इथे रीडिंग कुठे थांबतच नाही. कारणं मुख्यतः तीन, आणि तिन्ही वेगळी ओळखता येतात.

सेल रिकामा करून पंप लावा, झडप बंद करा आणि दर पाच मिनिटांनी दाब लिहीत तासभर बसा. दाब सरळ रेषेत, न थकता चढत असेल तर गळती. आधी भराभर चढून मग मंदावत असेल तर भिंतींतून किंवा ग्रीसमधून काहीतरी सुटतंय. रिकामा सेल शांत असेल आणि सॅम्पल टाकल्यावरच चढत असेल, तेही तापमान वाढवलं की जास्त वेगाने, तर पदार्थ विघटन पावतोय किंवा कशाशी तरी अभिक्रिया करतोय.

गळती शोधायला जॉइंटवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडतात. गळती तिथे असेल तर गेजचा काटा लगेच हलतो. हे करताना हीटर बंद आणि बाथ थंड असला पाहिजे. ग्रीसबद्दल सांगायचं तर काचेच्या जॉइंटला लावलेलं ग्रीस टोल्युइन, हेक्झेन चक्क शोषून घेतं आणि पुढच्या सॅम्पलच्या वेळी परत सोडतं. शक्य तिथे पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) झडपा वापरा. व्हायटॉन रबराच्या ओ-रिंग बऱ्याच द्रावकांना टिकतात, पण अॅसिटोनमध्ये फुगतात. कुठली रिंग कशाला चालते याचा तक्ता भिंतीवर लावून ठेवा.

विघटन तपासायला परतीचं रीडिंग घ्या. ३०° ला मोजा, ७०° पर्यंत जा, पुन्हा ३०° ला या. शुद्ध आणि स्थिर पदार्थ पहिल्याच आकड्यावर परत येतो. परतीचा आकडा चढा आला तर वर असताना काहीतरी नवं वायुरूपात तयार झालं आणि ते आता परत द्रव होत नाही.

आयसोसायनेटमध्ये आम्हाला यानेच चकवलं. रिकामा सेल उत्तम, सॅम्पल ताजं, तरी दाब चढत होता. गळती समजून दोन दिवस जॉइंट बदलले. शेवटी कळलं की काचेवरच्या ओलीशी आयसोसायनेटची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निघत होता. पाणी आणि आयसोसायनेट एकत्र आल्यावर काय होतं, हे १९८४ च्या भोपाळनंतर आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. तिथेही टाकीत पाणी शिरलं होतं, आणि मिथाइल आयसोसायनेट ३९° लाच उकळतं. आमच्या सेलमध्ये काही मिलिग्रॅमचाच मामला होता, पण त्या दिवसापासून आयसोसायनेटसाठी सेल रात्रभर निर्वातात भाजल्याशिवाय आम्ही सॅम्पल भरत नाही. आणि सगळं काम धूरकपाटातच. टीडीआयचा (टोल्युइन डायआयसोसायनेटचा) २०° चा बाष्पदाब १ पास्कलच्या आसपास, अगदीच थोडा वाटतो. पण १ पास्कल म्हणजे १० पीपीएम, आणि मर्यादा ०.००५ पीपीएम. दोन हजार पट. बाष्पदाब कमी म्हणून एखाद्या पदार्थाला कमी धोक्याचा समजणाऱ्याला हा भागाकार करायला लावा.

आकडा कमी येतो तेव्हा

याची ओरड कमी होते, कारण कमी आकडा पाहून कुणाला शंका येत नाही. मला मात्र याचीच जास्त भीती वाटते.

वाफ सर्वांत थंड जागी जाऊन द्रव होते. सेल ५०° च्या बाथमध्ये आहे, पण गेजकडे जाणारी नळी बाथच्या बाहेर, थेट एसीच्या झोताखाली २२° ला. टोल्युइनचा ५०° चा बाष्पदाब १२.३ किलोपास्कल. पण वाफ नळीत थंड होऊन थेंब बनत राहते, आणि गेज हळूहळू २२° चा बाष्पदाब दाखवू लागतं: ३.२. लक्षण असं की बाथचं तापमान वाढवत गेलात तरी रीडिंग त्यामानाने हलत नाही. टॉर्च मारून नळी बघा, आतून बारीक दव दिसतं. उपाय म्हणजे नळी आणि गेज दोन्ही बाथपेक्षा पाच ते दहा अंश गरम ठेवा. हीटिंग टेप गुंडाळताना झडपेचं डोकं आणि कोपर उघडे राहतात. तिथेच दव धरतं.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे दोन चुका एकत्र होणं. बाथ ४०° ला, खरा आकडा ७.९. नळी २६° ला असल्यामुळे टोल्युइनचा वाटा फक्त ४.०. आणि नीट न काढलेली हवा ३.९. बेरीज ७.९. गेजवर हँडबुकातला आकडा, अहवालावर सही, आणि आतलं सगळं चुकीचं. म्हणून एकाच तापमानाचं रीडिंग मी कधीच मान्य करत नाही, ते कितीही बरोबर दिसलं तरी. किमान चार-पाच तापमानांना मोजा, दाबाचा नैसर्गिक लॉग उभ्या अक्षावर आणि केल्विन तापमानाचा व्युत्क्रम आडव्या अक्षावर घ्या. थोड्या अंशांच्या पट्ट्यात जवळजवळ सरळ रेषा आली पाहिजे आणि तिच्या उतारातून बाष्पनाची उष्णता निघते. टोल्युइनला सुमारे ३८ किलोज्यूल प्रति मोल, पाण्याला ४४, ग्लायकॉलला ६५ च्या आसपास.

ही रेषा बरंच बोलते. हवा उरली असेल तर थंड टोकाला बिंदू रेषेच्या वर चढतात, कारण हवेचा दाब तापमानाबरोबर जेमतेम वाढतो आणि वाफेचा झपाट्याने. थंड नळी असेल तर गरम टोकाला बिंदू खाली लवतात. ग्लायकॉलमध्ये पाणी असेल तर रेषा सरळ दिसूनही उतार कमी येतो, कारण ५०° ला पाण्याचे ४२ पास्कल ग्लायकॉलच्या ९० च्या निम्म्याहून कमी असतात, पण २०° ला दोघं बरोबरीला येतात. ६५ ऐवजी ५५ निघाले तर पुन्हा कार्ल फिशर.

तापमानाचं मोजमापही इथेच बघा. टोल्युइनमध्ये एक अंशाच्या चुकीने बाष्पदाब ५ टक्के हलतो, ग्लायकॉलमध्ये ९ टक्के. जितका पदार्थ जड, तितकी तापमानाची चूक महाग. बाथच्या डिस्प्लेवर विसंबू नका. प्रमाणित थर्मामीटर सेलला टेकवून ठेवा.

हवेचा दाब कुठून घेतलात?

काही सेटअपमध्ये गेज निरपेक्ष (अॅब्सोल्यूट) दाब दाखवत नाही, तर बाहेरच्या हवेशी असलेला फरक दाखवतं. मग बाहेरचा दाब मिळवावा लागतो. पुण्यात एका प्रयोगशाळेत मी पाहिलं की तिथे मोबाइलच्या हवामान अॅपमधला १,०१० हेक्टोपास्कल हा आकडा भरत होते. अॅपमधला आकडा समुद्रसपाटीला नेलेला असतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि तिथे खरा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. ६ किलोपास्कलची चूक, म्हणजे टोल्युइनच्या २५° च्या आख्ख्या बाष्पदाबाच्या दीडपट. कोकणात किनाऱ्याजवळ हीच चूक लपून राहते. प्रयोगशाळेच्या खोलीतला बॅरोमीटरच वापरा, किंवा सरळ निरपेक्ष दाब दाखवणारा कपॅसिटन्स मॅनोमीटर (पातळ पडद्यावर पडणारा दाब थेट मोजणारं गेज) घ्या. पिरानी गेजने (वायू उष्णता किती वाहून नेतो यावरून दाब काढणाऱ्या गेजने) बाष्पदाब मोजू नका. त्याचं कॅलिब्रेशन नायट्रोजनवर असतं आणि टोल्युइनच्या वाफेला ते भलतंच काही दाखवतं. कपॅसिटन्स मॅनोमीटर मात्र कुठला वायू आहे याची पर्वा करत नाही. त्याला पुरेसा गरम होऊ द्या आणि रोज सकाळी चांगल्या निर्वातावर शून्य तपासा.

१० पास्कलच्या खाली स्टॅटिक पद्धतीचा हट्ट धरू नका. तिथे वायूसंपृक्ती पद्धत घ्या: पदार्थावरून संथ नायट्रोजन सोडायचा, सोबत गेलेली वाफ सापळ्यात धरायची आणि मोजायची. त्यात एकच गोष्ट सांभाळा, दोन-तीन वेगवेगळ्या प्रवाहगतींना मोजा. आकडा प्रवाहगतीनुसार बदलत असेल तर नायट्रोजन संपृक्त होत नाहीये.

आमचा आता ठरलेला क्रम असा. नवा पदार्थ भरण्याआधी त्याच सेलमध्ये, त्याच दिवशी पाणी किंवा टोल्युइन. पाण्याचा २५° चा ३.१७, ५०° चा १२.३५ किलोपास्कल. हे आकडे १ टक्क्याच्या आत आल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग पदार्थ, कार्ल फिशरचा आकडा वहीत, हवा काढण्याची चक्रं किती ते वहीत, प्रत्येक चक्रानंतरचं रीडिंग वहीत, चढती आणि उतरती दोन्ही तापमानं, आणि रेषेचा उतार. त्या मुलीच्या वहीत गुरुवारच्या पानावर वर टोल्युइन ३.८०, खाली पाच बिंदूंची रेषा आणि उतार ३८.२ लिहिलेला आहे. पान उलटलं की शुक्रवारपासून ग्राहकाचा पदार्थ सुरू होतो, पहिली ओळ कार्ल फिशरची.